लाकूड तुमचं, मजुरी आमची

"झाड वर हाय ना वं बाई, तू खाली काय पाहून राह्यली?"

बापूरावांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. चिंचेखाली उभी असलेली सुरभी हसली, पण मान काही वर केली नाही. तिची नजर आधी घराच्या छपरावरच्या कवेलूंवरून फिरली, मग न्हाणीच्या भिंतीवरून, मग खांबावरून घरात आलेल्या विजेच्या तारेवरून.

"झाड त दिसतेच काका. पण फांदी येणार खालीच. खाली काय काय हाय ते पाह्यल्याशिवाय भाव कसा सांगू?"

तिचा नवरा कैलास मागे उभा होता, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात दोराची पिशवी. त्याला असल्या बोलण्याची लाज वाटायची. भावाचं निघालं की हा गडी दुसरीकडे पाहायचा आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायचा. झाडावर वाघ आणि पैशाच्या गोष्टीत कोकरू, असा हा माणूस. म्हणून भावाचं काम सुरभीनं आपल्याकडे घेतलेलं.

रोहणा गावातल्या या चिंचेची गोष्ट अशी की झाड ठणठणीत, पण एक मोठी फांदी नेमकी बापूरावांच्या स्वयंपाकघरावर गेलेली. मागच्या वावधानात, म्हणजे वादळात, ती कडकडली आणि बेचक्यापाशी तिला हातभर चीर पडली. तेव्हापासून बापूरावांची बायको कुंताबाई चुलीपाशी बसली की एक डोळा भाजीवर आणि एक डोळा आढ्यावर. झाड मात्र तिच्या जिवाचं. बापूराव घरामागच्या सांदवाडीत वांगी-मेथी पिकवून आर्वीच्या बाजारात न्यायचे, तो पैसा घरात जिरायचा. चिंचेचा पैसा तेवढा कुंताबाईचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. यंदाच्या चिंचा नुकत्याच झोडून, फोडून, विकून झाल्या होत्या.

"साडेचार हजार," सुरभी म्हणाली.

"बाप्पा!" बापूराव खाटेवर बसलेच. "एका फांदीचे? अवं, लोकं आख्खं झाड फुकट पाडून देतात!"

आता हे खोटं नव्हतं, हीच तर सगळी पंचाईत होती. आपल्याकडे झाडाच्या कामाचा रिवाज असा, की जो तोडेल लाकूड त्याचं. तोडणारा पैसे मागत नाही, मालक देत नाही. झाड मोठं असलं तर उलट ठेकेदारच मालकाच्या हातावर काहीतरी ठेवतो आणि ट्रॅक्टर भरून घेऊन जातो. सगळे खूश. पण या रिवाजात एक मेख आहे, ती झाडावर चढणाऱ्यालाच ठाऊक असते. मजुरी लाकडात असली की वाळलेली, किडलेली फांदी काढून पोट भरत नाही. माणसाचा हात आपोआप जाड, निरोगी, वजनदार फांदीकडे जातो. सोपी फांदी सोडून अवघड फांदीकडे जातो.

कैलासचा हात तसाच गेला होता. देवळीला, कडुनिंबावर, लहानू ठेकेदाराच्या टोळीत असताना. काढायची होती वाळकी फांदी. पण वाळकीत काय मिळणार म्हणून तो पलीकडच्या जाड फांदीवर सरकला, अनवाणी, कमरेला कुऱ्हाड खोचून. "दोन मिनिटाचं काम हाय," असं म्हणून गेला आणि खाली आला तो मांडीचं हाड मोडूनच. सेवाग्रामच्या दवाखान्यात सुरभीनं त्याच्या खाटेखाली चटई टाकून दिवस काढले. शेजारच्या खाटेवरचं माणूस बरं होऊन घरी जायचं, नवीन यायचं, तेही जायचं, आणि ही तिथंच. मांडीत स्टीलची पट्टी बसली, माणूस उठला. पण चालायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, आता झाडावर कधी चढतो असं झालं हाय.

सुरभीनं कपाळावर हात मारला. दुसरी असती तर शपथ घातली असती. हिनं आपल्या सगळ्या बकऱ्या विकल्या. नागपूरला दोरावरून झाडावर चढायचं शिकवणारा एक माणूस होता, त्याच्याकडे नवऱ्याला नेलं आणि स्वतःही शिकली. तो वर, ही खाली. कमरेचा आणि मांड्यांचा बेल्ट आला, हेल्मेट आलं, चढायचा दोर वेगळा, लाकूड उतरवायचा दोर वेगळा, पुली आली, चांगल्या दातांची वाकडी करवत आली. तिनं एकच अट घातली होती. वर गेल्यावर दोर सुटता कामा नये. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं असेल तर आधी कमरेचा आखूड पट्टा पुढच्या फांदीला लागेल, मगच मागचा दोर निघेल. दोन्ही एकदम कधीच निघणार नाहीत.

सगळं आलं, कामं तेवढी आली नाहीत. जो तो म्हणे, लाकूड घेऊन जा ना भाऊ, पैसे कायचे? आणि कालच लहानूचा निरोप आला होता. आर्वीकडे मोठं काम घेतलं आहे, सोमवारपासून ये. कैलासनं रात्री जेवताना ताटाकडे पाहत सुरभीला सांगितलं, "उद्याचं हे काम पैशावर झालं त ठीक. नाई त मी लहानूभाऊकडे जातो. घर चालवा लागते ना." लहानूकडे ना दोर, ना बेल्ट. लहानूकडे ट्रॅक्टर, कुऱ्हाडी आणि घाई.

म्हणजे आज बापूरावांच्या अंगणात भाव ठरत होता तो नुसत्या फांदीचा नव्हता. सुरभीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी आवाज तिनं साधा ठेवला.

"काका, खाली तुमचं घर नसतं त हजारात काढून दिली असती. कापली, पाडली, झालं. पण इथं खाली कवेलू हाय, तार हाय, न्हाणी हाय. एकेक तुकडा दोरानं बांधून, धरून, हळूहळू उतरवा लागते. चिंचेचं लाकूड किती जड, तुमाले मी काय सांगू."

"जड हाय म्हणूनच त म्हणतो. तेवढं लाकूड तुमाले देऊन राह्यलो ना!"

तेवढ्यात फटफटी वाजली आणि लहानू अंगणात हजर. या माणसाला चिंचेचा वास दोन कोसांवरून यायचा. पांढरी टोपी, खिशात मोबाइल, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्यानं बुंध्याभोवती एक चक्कर मारली, झाडाला थोपटलं आणि थेट बोलला, "बापूराव, सहा हजार देतो. आख्खं झाड. परवानगीबिरवानगीचं मी पाहून घेतो. संध्याकाळपर्यंत अंगण साफ."

बापूरावांचे डोळे चमकले. एकजण सहा हजार देतो, दुसरी साडेचार मागते. हिशेब लावायला शाळेत जावं लागत नाही.

"झाडाले हात लावायचा नाई," दारातून कुंताबाई म्हणाली. जोरात नाही, पण अशी म्हणाली की बापूरावांनी पुढचं वाक्य गिळलं. "मले फांदीची भीती वाटते, झाडाची नाई."

"मंग फांदीचे साडेचार तू देजो."

"देईन." कुंताबाई सुरभीकडे वळली. "पण थोडं कमीजास्त कर ना वं बाई."

सुरभी तोंड उघडणार होती. चार म्हणावं, फार तर साडेतीन. पण लहानू कैलासकडे पाहून गालातल्या गालात हसला, "काय बे कैलास, बायको भाव करते अन् तू दोर वाहतो काय?" आणि झालं. कैलासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो पुढे आला.

"काकू, पैसे राहू द्या. काई देऊ नका. फांदीचं लाकूड आमचं, बस."

सुरभीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बापूराव खाटेवरून उठून म्हणाले, "पाह्य, माणूस कसा सरळ बोलला!" आणि सौदा झाला. असा राग आला सुरभीला, की दोराची पिशवी तिथंच आपटून पहिली एसटी धरावी. पण नवरा झाडावर चढणार आणि खाली कोणी नाही, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिनं पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि कुंताबाईला सांगितलं, "काकू, चुलीपासून बाहेर या. काम होईपर्यंत घरात कोणी जायचं नाई."

काम मात्र छान सुरू झालं, हे कबूल केलं पाहिजे. रेतीची छोटी थैली बांधलेली बारीक दोरी कैलासनं वर भिरकावली. ती पहिल्याच फेकीत हव्या त्या बेचक्यातून गेली. तिच्यामागून जाड दोर गेला. बेल्ट कसला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला, पूर्ण वजन टाकून लोंबकळून पाहिलं आणि मग कैलास चढला. दोरावरची सरकती गाठ एका हातानं वर ढकलायची, अंग उचलायचं, पुन्हा गाठ ढकलायची. मांडीतली पट्टी विसरून तो माणूस असा वर गेला, की खाली जमलेली गावातली बारकी पोट्टी टाळ्या वाजवायला लागली. सुरभीला राग होता तरी तिला ते पाहणं आवडलं. आवडायचंच तिला ते.

त्यानं वरच्या मजबूत फांदीला पुली बांधली. उतरवायचा दोर पुलीतून खाली आला, तो सुरभीनं चिंचेच्या बुंध्याला तीन वेढे देऊन हातात धरला. वेढ्यांच्या घासण्यानं वजन तोललं जातं, माणसाच्या ताकदीनं नाही. नाहीतर चिंचेच्या ओंडक्यापुढे सुरभी कुठे पुरणार? कैलास आधी खालून थोडी करवत चालवायचा, मग वरून, म्हणजे साल फाटत खाली येत नाही. तुकडा सुटायचा, दोराला हिसका बसायचा, तुकडा हवेत झोका घ्यायचा आणि सुरभी दोर मुंगीच्या पावलांनी सोडायची. पहिला तुकडा कवेलूंपासून वीतभर अंतर ठेवून सरकत अंगणात आला. दुसराही आला. बापूरावांनी दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले होते.

चिरलेल्या फांदीचा आता बेचक्याजवळचा शेवटचा ठोकळा तेवढा उरला होता. त्याच्या आधीचा तुकडा दोराला लटकत होता, नेमका स्वयंपाकघराच्या वर. सुरभी तो सोडायला लागणार तोच कैलासचा आवाज आला.

"काका, हे बाजूची फांदीबी कमजोर दिसते. काढून टाकतो."

सुरभीनं वर पाहिलं. बाजूची फांदी कमजोर? बैलाच्या मानेसारखी जाड फांदी ती, हिरवीगार, एक डाग नाही. तिच्यात काय होतं? लाकूड होतं. आतापर्यंत उतरलेली फांदी चिरलेली आणि अर्धी पोकळ निघाली होती. ती वजनावर विकून दिवसाची मजुरीही सुटणार नव्हती, आणि कैलासला ते वरून दिसलं होतं. लहानूलाही दिसलं होतं. तो खाटेवर बसून खर्रा चघळत पाहत होता.

कैलास त्या फांदीकडे वळला. त्याचा दोर इकडच्या बेचक्यातून आलेला, तिकडे पुरेना. मधलं खोड आडवं येई, म्हणून आखूड पट्टाही त्या फांदीला लागेना. थोडं खाली उतरून, दोर दुसऱ्या बेचक्यात टाकून यायला पाव तास लागला असता. त्यानं पट्टा सोडला. मग कमरेला हात घातला आणि दोराचा हूकही सोडला. हूक खोडावर आपटला, त्याचा टण्ण आवाज खाली आला.

ओरडायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. वर सुटा माणूस असला की खालून दचकवायचं नाही. तिनं हातातल्या दोराला बुंध्याभोवती आणखी एक वेढा दिला, टोक पक्कं बांधलं, आणि जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली,

"अवो, दोर कुठी हाय तुमचा?"

"दोन मिनिटाचं काम हाय."

"ते ऐकलं म्या एकदा."

"तू ते लाकूड सोड ना खाली!"

"नाई सोडत. आधी दोर लावा, मंग सोड म्हणा, तेव्हा सोडीन." ती बुंध्याशी मांडी घालून बसलीच. वर नवरा सुटा, मध्ये ओंडका लटकलेला, खाली बायको बसलेली. पोट्टी आधी हसली, मग त्यांनाही कळलं की हसण्यासारखं नाही. लहानू मात्र म्हणाला, "कैलास, मालकीण कामावरून काढते वाट्टे बे तुले!"

वर कैलासचा चेहरा बदलला. हट्टाला पेटला की तो असाच दिसायचा. त्यानं एक पाय पुढच्या फांदीवर टाकला.

सुरभीला वाटलं, आता रागावून उपयोग नाही, रडून उपयोग नाही, शपथेनं तर मुळीच नाही. हा माणूस कशासाठी पुढे जातो आहे? तेच काढून घेतलं पाहिजे. आणि ते काढून घ्यायचं म्हणजे आजची सगळी कमाई जाणार. सोमवारी लहानू त्याला नेणार, हेही तिला दिसत होतं. पण सोमवार लांब होता आणि नवरा हवेत होता.

"काकू," ती कुंताबाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सौदा मोडला. लाकूड आमचं नाई. जे उतरलं तेबी तुमचं, जे उतरन तेबी तुमचं. घरी चुलीले ठेवजा. मजुरी द्या वाटली त, नाई त नका देऊ." मग मान वर केली. "आता त्या फांदीत तुमचं काईच नाई. आता कायले जाता तिकडे?"

कैलास एक पाय इकडे, एक पाय तिकडे, तसाच उभा राहिला. त्यानं जाड फांदीकडे पाहिलं, खाली पाहिलं, मग आपल्या रिकाम्या कमरेकडे पाहिलं.

मग त्यानं पाय मागे घेतला. हात लांबवून दोर पकडला. हूक लागल्याचा आवाज आला. पट्टा लागल्याचा आवाज आला. तो म्हणाला, "सोड आता."

सुरभी उठली, वेढे मोकळे केले आणि लाकूड अलगद खाली आणलं.

उरलेला ठोकळा कैलासनं मन लावून काढला. खोडाला जिथं फांदी फुटते तिथं गादीसारखा फुगवटा असतो, तो राखून नेमका त्याच्या बाहेर काप घेतला, म्हणजे झाडाला जखम भरून काढता येते. बाजूची हिरवी फांदी जिथल्या तिथं राहिली. बापूराव शिडी लावून छपरावर गेले, कवेलू न् कवेलू चाचपून आले. एकाही कवेलूला तडा नव्हता.

कैलास खाली उतरला तो सरळ सुरभीपाशी आला. "चार लोकाईत माही इज्जत काढली तुनं."

"काढली. अन् वर सुटे दिसले त परत काढीन." मग तिला पुढचं आवरलं नाही. आतापर्यंत धरून ठेवलेलं सगळं एकदम डोळ्यांत आलं. "मले लाकूड नाई पाह्यजे. बकऱ्याबी नाई पाह्यजेत. मले तुम्ही पाह्यजे, धडधाकट. तेवढं एक मागून राह्यली, तेबी तुमाले जड होऊन राह्यलं काय?"

कैलासनं हेल्मेट काढलं, घामानं भिजलेलं डोकं पुसलं आणि तिच्या हातातला दोर घेऊन गुंडाळायला लागला. नेहमी दोर तीच गुंडाळायची.

बापूराव मात्र खुशीत होते. "चला, म्हणजे लाकूडबी आपलं अन् मजुरीबी नाई. बाई आपल्याच तोंडानं बोलली."

"काई शरम?" कुंताबाई घरात गेली आणि लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडत बाहेर आली.

"अवं पण एवढे? झालं काय एवढं? काई त झालं नाई!"

"काई झालं नाई, त्याचेच पैसे हाय ते," कुंताबाई फटकारून म्हणाली. "माहं घर जागेवर हाय, झाड जागेवर हाय, अन् हिचा माणूस हिच्यापाशी हाय. अजून काय व्हायले पाह्यजे होतं तुमाले?" तिनं सुरभीच्या हातावर पूर्ण साडेचार हजार ठेवले आणि मूठ बंद केली. "घे वं माय. कमीजास्त म्हटलं होतं म्या, ते विसर."

सुरभीनं मान तेवढी हलवली.

लहानूनं फटफटीला किक मारली. गेल्यासारखं करून तो थांबला आणि कैलासकडे वळला. "बरं. सोमवारी येजो. सहालेच निघा लागते."

सुरभीनं दोराची पिशवी उगाच उघडली आणि बंद केली. या प्रश्नात तिला बोलायचं नव्हतं. तिनं आज जेवढं बोलायचं तेवढं बोलून टाकलं होतं.

तेवढ्यात एव्हाना जमलेल्या गर्दीतून शकुंतलाबाई पुढे आली. घर दोन गल्ल्या पलीकडे, तिथल्या न्हाणीवर कडुनिंब कललेला. "अरे बावा, माहंबी एक काम करून देता काय? उलीसंच हाय, जास्त नाई. लाकूड सगळं घेऊन जा, मी काईच म्हणणार नाई."

कैलासनं दोराचं शेवटचं वेटोळं घातलं. आधी लहानूकडे पाहून त्यानं मान हलवली, नाही म्हणून. ओठ हलले तेही तेवढ्यापुरतेच, "नाई येत, भाऊ." मग शकुंतलाबाईकडे वळला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण या खेपेला त्यानं माती उकरली नाही.

"काकू, लाकूड तुमचं. मजुरी आमची," तो म्हणाला. "भाव हे सांगन."

आणि त्यानं सुरभीकडे बोट दाखवलं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती मात्र कैलासकडेच पाहत राहिली.

"सांग ना वं," कैलास म्हणाला. "काकू वाट पाहून राह्यली."